गॅलरीसमोरून जाणारी बस

धुळे ९२

दोन घरं होती. एक परवडत नव्हतं आणि दुसऱ्याला बस नव्हती.

पहिलं जळगावच्या बस स्थानकामागे, चालत चार मिनिटं, एकावन्न लाख. दुसरं गिरणेचा पूल ओलांडल्यावर, धुळ्याच्या रस्त्याला लागून, तीस लाख. बँकेनं प्रशील तायडेची कर्जाची लायकी काढली होती बत्तीस लाख. म्हणजे विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पण ज्या माणसानं धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत एकोणीस वर्षं आवक-जावक टेबल सांभाळलं, आणि त्यासाठी एकोणीस वर्षं जळगाव-धुळे-जळगाव असं रोज अपडाऊन केलं, त्याला विचार केल्याशिवाय काही करता येत नाही. त्यानं तक्ता आखला.

तक्ता क्रमांक एक. (क्रमांक दोन कधीच झाला नाही. पण क्रमांक टाकला की तक्त्याला वजन येतं.)

किंमत. खोल्या. पाणी. घर ते बस, मिनिटांत. शेवटच्या रकान्यात एकावन्न लाखांच्या घरापुढे त्यानं 'चार' लिहिलं. तीस लाखांच्या घरापुढे पेन्सिल टेकवली आणि ती तिथेच राहिली, कारण उत्तरं दोन होती. धुळ्याची बस त्या घराच्या अगदी समोरून जात होती, म्हणून शून्य मिनिटं. पण ती तिथे थांबत नव्हती. त्यामुळे सकाळी सहाला निघायचं, रिक्षानं नऊ किलोमीटर उलटं जळगावच्या स्थानकात जायचं, सातची बस धरायची. ती बस सात-बावीसला परत त्याच घरासमोर. एक तास बावीस मिनिटं प्रवास करून प्रशील जिथून निघाला तिथे येणार होता.

"मग मी टाटा करायला दोनदा गॅलरीत येऊ का?" सविता म्हणाली. सविता म्हणजे त्याची बायको. ती जळगावात शाळेवर होती, स्वतःच्या स्कूटीवर जायची, आणि तिला त्या तीस लाखांच्या घरातली स्वयंपाकघराची खिडकी फार आवडली होती. "तुम्ही बस बघा. मी घर बघितलं."

घरमालक शालिग्रामआबांनी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत दिली होती. मुलगा पुण्याहून कायमचा परत येत होता, त्याला खोल्या हव्या होत्या. आबांनी हे इतक्या प्रेमानं सांगितलं होतं की भांडायचीही सोय नव्हती. वर सल्लाही दिला. "फ्लॅट घेऊच नको रे बाबा. प्लॉट घे." जळगावात कुठल्याही अडचणीवर हा सल्ला मिळतो. प्रशीलचं पित्ताचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा भेटायला आलेल्या दोघांनी प्लॉट घ्यायला सांगितलं होतं.

शेजारचे म्हणाले, गाडी घ्या. वरचे म्हणाले, बदली घ्या. समोरचे म्हणाले, धुळ्यालाच घर घ्या आणि वहिनींना अपडाऊन करू द्या. (हे सविताला ऐकू गेलं. समोरच्यांकडे तिळगूळ गेला नाही.)

आणि मग, भाजीच्या रांगेत उभं असताना, प्रशीलच्या डोक्यात ते आलं. घर स्वस्त का, तर बस थांबत नाही म्हणून. बस थांबली तर? घर तेच, भाव तोच, आणि तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात एक नितळ शून्य.

लोक घर घेतात आणि नंतर सोयी येण्याची वाट बघतात. प्रशीलनं ठरवलं, आधी थांबा आणायचा, मग घर घ्यायचं. कोथिंबीर न घेताच तो घरी आला.

धुळे ८३

इमारतीचं नाव कदली रेसिडेन्सी. बिल्डर हितेंद्रशेठ मूळचे फैजपूरचे, तीन पिढ्या केळीतल्या. इमारत चार मजली, चोवीस फ्लॅट, राहणारे दोनच जण: वॉचमन मोतीलाल आणि त्याची बायको नर्मदाबाई. दोघं शिरपूरकडची, जिन्याखालच्या खोलीत राहायची.

"थांब्याचं काय म्हणता भाऊ, आज ना उद्या होणारच," हितेंद्रशेठ म्हणाले.

"उद्या म्हणजे कधी?"

"आज नाही झाला की उद्या."

प्रशीलनं आधी सोपा उपाय केला. एका रविवारी रस्त्याच्या कडेला उभं राहून येणाऱ्या बसला हात दाखवला. आश्चर्य म्हणजे बस थांबली. कंडक्टरनं दार उघडलं आणि खाली वाकून सांगितलं, "भाऊ, आठे थांबा नही शे."

"अहो, पण थांबलात ना आता!"

"हाई सांगासाठे थांबनू," कंडक्टर म्हणाला. दार लागलं. बस गेली.

मोतीलाल फाटकापाशी उभा राहून बघत होता. तो हसला नाही, हे प्रशीलनं मनात नोंदवून ठेवलं. नर्मदाबाई मात्र पदर तोंडाला लावून आत गेली.

धुळे ८३ (अजून तिथेच)

प्रशीलच्या हाताखालून आजवर हजारो अर्ज गेले होते. स्वतः मात्र त्यानं रजेखेरीज कधी कशाचा अर्ज केला नव्हता. म्हणून हा अर्ज त्यानं मनापासून लिहिला. डावीकडे समास, वर विषय, खाली संदर्भ, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, सोबत हाताने काढलेला नकाशा आणि नकाशात उत्तर दिशा. असा अर्ज आपल्या टेबलावर आला असता तर आपण उभं राहून घेतला असता, असं त्याला वाटलं.

बसच्या कार्यालयातले लिपिक बसूनच राहिले.

"रहिवासी आहात तिथले?"

"होणार आहे."

"मग झाल्यावर या."

"थांबा मिळाला की लगेच होतो."

"रहिवासी झालात की थांब्याचं बघू."

असं म्हणून त्यांनी तो कागद दोन बोटांनी परत सरकवला. त्या दोन बोटांकडे प्रशील बघतच राहिला. अगदी असाच, याच दोन बोटांनी, एवढ्याच जोरानं तो स्वतः धुळ्यात रोज वीसेक कागद परत सरकवत असे. अंगठा लावायचा नाही, डोळे वर करायचे नाहीत. त्याचा अपमान झाला होता, यात शंका नाही. पण काम इतकं व्यवस्थित झालं होतं की तक्रार कुठे करावी हे कळेना.

अर्ज (दुरुस्त) खालीलप्रमाणे:

विषय: कदली रेसिडेन्सीसमोर विनंती थांबा मिळणेबाबत.
अर्जदार: समस्त रहिवासी (दोन).
सही: मोतीलाल. नर्मदाबाई.
व्यवसाय: वॉचमन. वॉचमनला बघणे.

शेवटची ओळ नर्मदाबाईनं सांगितली होती आणि प्रशीलनं ती घातली, कारण ती खरी होती.

मग ग्रामपंचायतीचा ठराव लागला. मग कळलं की इमारत एका गावच्या शिवारात आहे आणि समोरची कड, जिथे परतीची बस थांबणार, ती दुसऱ्या गावच्या. म्हणजे दोन ठराव. दोन्ही सरपंचांना थांबा हवा होता, पण दोघांनाही आपल्याच गावाच्या नावाचा. प्रशील तीन रविवार या गावातून त्या गावात चहा पीत फिरला. तेरा चहांनंतर ठरलं की जाणारी बस एका गावाच्या नावावर थांबेल आणि येणारी दुसऱ्या. म्हणजे प्रशील सकाळी ज्या ठिकाणी बसमध्ये चढणार होता त्या ठिकाणी संध्याकाळी कधीच उतरणार नव्हता. त्याला ते चाललं. त्याला आता काहीही चाललं असतं.

कार्यालयातल्या साहेबांनी फाईल शेवटपर्यंत वाचली. "कागद पूर्ण आहेत," ते जरा दुःखानं म्हणाले. "आता माणसं दाखवा. तीन दिवस संध्याकाळची धुळ्याहून येणारी बस तिथे प्रायोगिक थांबवू. आमचा माणूस मोजेल. रोज सरासरी पंधरा जण उतरले तर मंजूर."

"पंधरा?"

"रहिवासी किती म्हणालात?"

धुळे ०

धुळ्याच्या स्थानकात पावणेसहाच्या बसमध्ये अपडाऊन मंडळ जमत असे. मंडळाला घटना नव्हती, पण अध्यक्ष होते: अभिमननाना, सव्वीस वर्षं अपडाऊन, निवृत्तीला दोन वर्षं. आणि विरोधी पक्ष होता: कुंदाबाई, कोर्टात कारकून, ज्यांच्यासमोर वकील आवाज खाली आणत.

प्रशीलनं उभं राहून सगळं सांगितलं. तीन दिवस, फक्त तीन दिवस, सर्वांनी जळगावच्या नऊ किलोमीटर अलीकडे उतरायचं. मागून येणाऱ्या बससाठी त्यानं साहेबांकडून तोंडी कबुली घेतली होती, ती सगळ्यांना उचलून जळगावला नेईल.

"आणि मधल्या वेळात मी तिथे काय करू?" कुंदाबाई म्हणाल्या. "तुमच्या बिल्डिंगला प्रदक्षिणा घालू?"

"ताई, माझ्या घराचा प्रश्न आहे."

"प्रत्येकाच्या घराचा प्रश्न असतो. माझ्या घरी सासूबाई आहेत."

नाना इतका वेळ खिडकीबाहेर बघत होते. ते न वळताच म्हणाले, "भरीत शे का?"

थंडी ऐन भरात होती. या दिवसांत खानदेशात पंधरा माणसं एका जागी जमवायची तर एकच खात्रीचा मार्ग आहे. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, त्यावर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजायची, मिरची-लसूण-शेंगदाण्यांबरोबर कुटायची आणि वास वाऱ्यावर सोडून द्यायचा. बोलवायला लागत नाही.

"आहे," प्रशील म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतकं ठामपणे खोटं बोलला. "कळण्याच्या भाकरीही आहेत."

"मंग लवकर सांगता येत नही का," नाना म्हणाले.

कुंदाबाईंनी फोन काढला आणि सासूबाईंना कळवलं की कोर्टात काम वाढलंय.

धुळे ८३ (भरीत)

पहिला दिवस. उतरले: सोळा. मोजणारा इसम वही घेऊन रस्त्याकडेला उभा होता. नर्मदाबाईनं सूत्रं हातात घेतली होती. प्रशीलला तिनं वांग्यांजवळ येऊ दिलं नाही. "तुम्ही कागद भाजा, भाऊ," ती म्हणाली.

दुसरा दिवस. उतरले: त्रेचाळीस. नानांनी आधीच्या बसवाल्यांनाही सांगितलं होतं. त्या बसला थांबायची परवानगी नव्हती, पण तिचा ड्रायव्हर पारोळ्याचा होता आणि त्याला नाक होतं. सविता शाळा सुटल्यावर स्कूटीवरून अजून दहा किलो वांगी घेऊन आली. उतरताना तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं हिशोब विचारायचं टाळलं.

तिसरा दिवस. बस आली आणि रिकामी झाली. पूर्ण. मागच्या बाकावरचं मुक्ताईनगरला जाणारं एक कुटुंब, आजी, सून, दोन पोरं आणि एक पेटी, सगळेच उतरताहेत म्हणजे गाडी बिघडली असं समजून उतरलं. आजींना खरं काय ते सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मग पेटी वर ठेवा, पण आम्ही बसतो." ड्रायव्हर उतरला. कंडक्टर उतरला.

"या दोघांना मोजू का?" मोजणाऱ्यानं विचारलं.

"उतरले ना?" कुंदाबाई म्हणाल्या. "मग? कायद्यात उतरणं म्हणजे उतरणं."

कुंदाबाईंचं एक वागणं मात्र प्रशीलला कळत नव्हतं. तीनही दिवस त्या ताट घेऊन इमारतीत गायब व्हायच्या आणि अर्ध्या तासानं रिकामं ताट घेऊन परतायच्या. त्याला वाटलं, बाईंना एकटं जेवायला आवडतं.

शेवटी मोजणारा स्वतःच बसला. त्यानं अहवालात लिहिलं: 'सरासरी सत्तेचाळीस. मागणी मोठी आहे. वांगी कमी पडली.' शेवटचं वाक्य साहेबांनी नंतर खोडलं असं कळतं.

धुळे ८३ (मंजूर)

फलक लागला. 'विनंती थांबा.' प्रशील आणि मोतीलाल त्याच्याखाली उभे राहिले आणि सवितानं फोटो काढला. प्रशीलची कॉलर उभी राहिली होती, पण असू दे. दुसऱ्या दिवशी रजा टाकून, धनादेश खिशात घालून तो हितेंद्रशेठच्या ऑफिसात गेला.

टेबलावर नव्या जाहिरातीचा गठ्ठा होता. ताजी शाई. 'एस.टी. थांबा तुमच्या दारात! आता फक्त सदतीस लाख.'

प्रशीलनं ते दोनदा वाचलं.

"शेठ, परवापर्यंत तीस होता."

"परवापर्यंत थांबा नव्हता, भाऊ."

"थांबा मी आणला!"

"मी कुठे नाही म्हणतो? तुमच्यासारखा माणूस नाही." हितेंद्रशेठ खरोखर गहिवरले होते. "ते बघा, केळीचं असंच आहे. शेतापर्यंत ट्रक येत नाही तोवर एक भाव. रस्ता झाला की दुसरा. रस्ता कोणी केला, हे घडाला विचारत नाहीत."

प्रशील बाहेर आला. पायऱ्यांवर बसला. तेरा चहा, दोन ठराव, चौतीस किलो वांगी, आणि स्वतःच्या हातानं त्यानं स्वतःच्या घराचा भाव सात लाखांनी वाढवून ठेवला होता. बँकेची लायकी बत्तीसवरच होती. आखाजी दीड महिन्यावर. फलक समोर उन्हात चमकत होता, आणि त्याच क्षणी एक बस तिथे थांबून, कोणी नाही बघून, निमूट निघून गेली. किती आज्ञाधारक बस होती ती. त्याला रडू आलं असतं, पण मोतीलाल बघत होता.

मग त्यानं मंजुरीचं पत्र काढलं आणि परत वाचलं. आवक-जावकवाला माणूस हरला की पत्र परत वाचतो. पत्राच्या मागच्या बाजूला, अट क्रमांक सहा. ती वाचून त्यानं कुंदाबाईंना फोन लावला.

शनिवारी हितेंद्रशेठच्या ऑफिसात अपडाऊन मंडळ शिरलं. खुर्च्या चार होत्या, माणसं अकरा. कुंदाबाईंनी पत्र टेबलावर ठेवलं आणि अट क्रमांक सहावर बोट.

"तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. सरासरी पंधराच्या खाली गेली तर थांबा रद्द. वाचलंत?"

"वाचलं," हितेंद्रशेठ म्हणाले. त्यांनी वाचलं नव्हतं.

"त्या मोजणीला तिथे कोण उतरणार? तुमचे रहिवासी दोन. ते घरातच असतात."

"पण ताई, थांबा गेला तर तायडेसाहेबांचंही नुकसान आहे!"

"सदतीसमध्ये मला तसंही घेता येत नाही," प्रशील म्हणाला. आवाज बारीक होता, पण हलला नाही. "मग तो राहिला काय आणि गेला काय."

हितेंद्रशेठनी नानांकडे बघितलं. नाना छताकडे बघत होते.

"तीस," कुंदाबाई म्हणाल्या. "आणि एक नाही. नऊ फ्लॅट."

आता प्रशीलही चमकला. नऊ?

"मी तीन दिवस ताट हातात घेऊन तुमचा प्रत्येक मजला बघितलाय," कुंदाबाई शेठला म्हणाल्या. "प्रत्येक नळ उघडलाय. तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला गळती आहे, ती तुम्ही काढणार. आम्हा नऊ जणांचं भाड्यात अर्धं आयुष्य गेलं. रोज संध्याकाळी जळगावच्या वेशीवर पाऊण तास ट्रॅफिकमध्ये बसतो. घाऊक माल उचलतोय आम्ही. घाऊक माल कापणीच्या आधीच्या भावानं जातो, हे तुम्हाला फैजपूरवाल्यांना मी सांगायचं का?"

हितेंद्रशेठनी जाहिरातीच्या गठ्ठ्याकडे बघितलं. चोवीसपैकी नऊ. इतकी वर्षं शून्य. मग त्यांनी वरचा कागद उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: तीस.

"गळतीपण," कुंदाबाई म्हणाल्या.

त्यांनी गळतीपण लिहिलं.

धुळे ८३, सकाळी ७:२२

आखाजीच्या आठवडाभर आधी प्रशील राहायला आला. बाकीचे आठ त्याच पंधरवड्यात. शालिग्रामआबा घर बघायला आले, सगळ्या खोल्या फिरले, म्हणाले, "छान आहे. पण प्लॉट घ्यायला हवा होता."

सगळे मिळून कामावर जायचा पहिला सोमवार. प्रशील सात-एकोणीसला घरातून निघाला. सात-एकोणीसला! एकोणीस वर्षांत तो या वेळी कधी घरात नव्हता. त्यानं पेपर वाचला होता. नऊ जण फलकाखाली ओळीनं उभे, इस्त्रीचे कपडे, नवे डबे, भेंडीचा वास. सविता वर गॅलरीत. मोतीलालनं फाटक पूर्ण उघडून ठेवलं होतं, तशी काही गरज नव्हती.

सात-बावीसला बस आली. थांबली. विनंतीशिवाय थांबली. दार उघडलं.

आत पाय ठेवायला जागा नव्हती.

नऊ जणांचा मिळून जवळजवळ दीडशे वर्षांचा अपडाऊनचा अनुभव होता. दीडशे वर्षं ते रोज जळगावच्या स्थानकात, जिथून बस सुटते तिथे, रिकाम्या गाडीत चढले होते. भरलेल्या बसमध्ये मधल्या थांब्यावर उभी राहणारी माणसं त्यांनी हजारदा खिडकीतून पाहिली होती आणि त्यांची कीवही केली होती. आपण ती माणसं होणार, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

"मांगे सरका, मांगे सरका," कंडक्टर ओरडत होता.

नऊही चढले. मागे वळायचा प्रश्नच नव्हता, मागे घर होतं आणि घराचा हप्ता होता. प्रशीलचा एक पाय कोणाच्या तरी पिशवीत होता. वर सविता हात हलवत असावी, त्याला दिसत नव्हतं. दिसलं असतं तरी हलवायला हात मोकळा नव्हता.

पाळधी गेलं. त्र्याऐंशी किलोमीटरांपैकी पाचेक संपले होते. कुंदाबाई वरचा दांडा धरून लोंबकळत होत्या आणि प्रशीलकडे अशा बघत होत्या की कोर्टात असतं तर त्यानं गुन्हा कबूल केला असता.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "बस आपल्याकडूनच सुटायला हवी."

"काय?"

"सुरुवातीचं स्थानक. रोज एक बस कदलीहून सुटणारी. त्याला नियम असणार. नियम असला की अर्ज असतो."

कुंदाबाईंनी दांड्यावरचा एक हात सोडून, एका अनोळखी पोराच्या खांद्यावर रेलून, पर्समधून पेन काढलं आणि प्रशीलच्या हातात दिलं. कागद त्याच्याकडे होताच.

"नाना, जरा वाका."

नाना वाकले. प्रशीलनं कागद त्यांच्या पाठीवर टेकवला, डावीकडे समास सोडला आणि लिहायला सुरुवात केली. एरंडोल येईपर्यंत विषय आणि संदर्भ झाले होते.

"प्रशील," नाना खालून म्हणाले, "जरा हलक्या हातानं लिही. माझ्या पाठीवर दुय्यम प्रत निघी राहिनी."